भट्टी पेटवणाऱ्या पोरांना जोडणी कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातली बरीच तरुण मुलं सध्या घरच्या घरी गॅसवर चालणारी लोहारकामाची भट्टी बनवू लागली आहेत. कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, कुणी आजोबांची ऐरण माळ्यावरून खाली काढून. विळे, खुरपी, अडकित्ते, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या असं ती घडवतात आणि चांगलं घडवतात. मला या पोरांचं मनापासून कौतुक आहे. माझे वडील लोहार होते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी ऊसतोडणीचे कोयते त्यांच्याकडे शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून धार काढायला, आणि पाणी द्यायला येत. भाता ओढतच मी मोठा झालो. ऐरणीवरचं काम पुन्हा तरुण हातात येताना बघून फार बरं वाटतं. तरीही हे पत्र काळजीपोटी लिहितो आहे, कारण या भट्ट्यांची गॅसजोडणी मी जवळून पाहिली आहे.

पोटापाण्यासाठी मी गॅसफिटिंग केलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांमधले लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायची भांडी, तापवायचे बर्नर आणि हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्या गॅस बँका, म्हणजे एकत्र जोडलेले सिलिंडर, हे माझं काम. आता हात थोडे मोकळे आहेत, म्हणून ओळखीतून पोरं येतात, “काका, भट्टी केलीय, जरा बघून जावा की” म्हणतात. मी जातो. भट्टीचं कवच नीट असतं, आत सिरॅमिक वूल, म्हणजे आग सोसणारी कापसासारखी गादी, व्यवस्थित बसवलेलं असतं, बर्नरची निळी ज्योत पाहून समाधान वाटतं. मग मागे वळून सिलिंडरकडे बघतो आणि पोटात गोळा येतो. घरातला लाल सिलिंडर, स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर, त्याला हिरवी प्लास्टिकची नळी आणि नळीच्या टोकाला क्लिपच्या जागी पिळलेली बांधकामाची तार. पोरांनी सगळी अक्कल आगीसाठी खर्च केलेली असते. आग तर डोळ्यांसमोर असते, तिच्यापासून माणूस आपोआप जपून राहतो. सिलिंडरपासून बर्नरपर्यंतच्या त्या सात-आठ फुटांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. माझं सांगणं त्या सात-आठ फुटांबद्दल आहे.

आधी दाबाचं बघू. घरगुती रेग्युलेटर गॅस सोडतो तो साधारण ३० मिलिबार दाबानं. आम्ही फिटर लोक दाब किलोत मोजतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो. त्या हिशोबानं हा दाब किलोचा तेहतिसावा भाग झाला. चपाती भाजायला तेवढा पुरतो. भट्टीचा बर्नर स्वतःच्या जोरावर हवा ओढतो, त्याला पाव किलोपासून एक-दीड किलोपर्यंत दाब लागतो. घरच्या रेग्युलेटरवर तो धड पेटत नाही, ज्योत बर्नरच्या नळीत मागे सरकते, फटफट आवाज येतो. इथून पोरं दोन वाटांनी जातात. काही जण रेग्युलेटर उघडून आतल्या स्प्रिंगशी खेळतात. काही जण व्हॉल्वची पिन नुसती दाबून धरणारं पितळी अडॅप्टर आणतात आणि बर्नरजवळ एक नीडल व्हॉल्व, म्हणजे सुईसारख्या टोकाची बारीक तोटी, लावून म्हणतात, दाब कंट्रोलमध्ये आहे.

तो कंट्रोलमध्ये नसतो. नीडल व्हॉल्व वाहणारा गॅस कमी-जास्त करतो, दाब ठरवत नाही. गॅस वाहतोय तोवर नळीतला दाब कमी दिसतो. नीडल व्हॉल्व बंद केला की काही क्षणांत सिलिंडरमधला सगळा दाब नळीत येऊन बसतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो सहा-आठ किलो असू शकतो. म्हणजे भट्टी बंद करून पोरगं चहाला आत जातं, तेव्हाच नळीवर सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून सिलिंडरच्या तोंडाशीच, नळीच्या आधी, दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर पाहिजे, त्यावर दाब दाखवणारा गेज पाहिजे, आणि तो त्या सिलिंडरच्या व्हॉल्वला बसणारा, एलपीजीसाठीच बनवलेला पाहिजे. बर्नरजवळचा नीडल व्हॉल्व त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्याऐवजी नको. शिवाय एक बॉल व्हॉल्व हाताशी असावा, पाव फिरकीत गॅस तुटतो. गडबडीत माणसाला चाकी फिरवत बसायचं सुचत नाही.

आता नळी. हिरवी प्लास्टिकची नळी गॅसच्या कुठल्याच कामाची नाही. केशरी रंगाची सुरक्षा नळी चांगली, तिच्यावर आयएस ९५७३ चा शिक्का असतो, पण ती घरच्या कमी दाबाच्या शेगडीसाठी आहे, भट्टीसाठी नाही. वेल्डिंगवाल्यांकडची लाल नळी पोरांना सहज मिळते. ती एसिटिलीनसाठी असते. साध्या रबराच्या नळीला एलपीजी आतून मऊ पाडतो, फुगवतो, बाहेरून महिनोन्‌महिने काही कळत नाही. नळीवर एलपीजी लिहिलेलं असावं, कामाचा दाब छापलेला असावा आणि दोन्ही टोकं कारखान्यातच दाबून बसवलेली, आट्यांची असावीत. तार तर नकोच, पण एवढ्या दाबाला स्क्रूवाल्या क्लिपवरही मी विसंबत नाही. अशी नळी कोल्हापुरात मिळते. हायड्रॉलिक होज बनवणाऱ्यांच्या दारात उभं राहून “एलपीजीसाठी, इतक्या दाबाची” असं स्पष्ट सांगायचं. नुसतं “एक नळी द्या” म्हटलं तर तो हाताला लागेल ती देणार.

नळी थेट बर्नरला जोडू नये, मध्ये हातभर लोखंडी पाइप ठेवावा. याचं कारण पोरांना सांगितलं की ती चकित होतात. बर्नर भट्टीच्या वरच्या बाजूनं बसवला असेल, तर पेटलेला असताना तो बऱ्यापैकी गार राहतो, कारण आतून गार गॅस आणि हवा वाहत असते. गॅस बंद केला की तापलेल्या भट्टीतली हवा त्याच बर्नरमधून धुराड्यासारखी वर चढते आणि व्हॉल्व, नळीचं टोक, सगळं भाजून काढते. काम संपलं की बर्नर बाहेर काढून ठेवावा, नाहीतर त्याचं हवेचं तोंड झाकावं.

आटे जोडताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. जळणाऱ्या गॅसच्या रेग्युलेटर आणि नळीच्या नटांचे आटे पुष्कळदा उलटे, म्हणजे डाव्या बाजूला आवळणारे असतात आणि अशा नटावर खाच पाडलेली असते. ते माहीत नसलं की माणूस पान्यानं जोर लावून आटे मारून टाकतो. टेफ्लॉन टेप उतरत्या, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आट्यांना लागते. जिथं पितळेचं टोक पितळेच्या बैठकीवर बसून गॅस अडवतं तिथं टेप गुंडाळली तर बैठक नीट बसत नाही आणि उलट गळती होते. वॉशर गेला असेल तर नवा आणावा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालू नये. सगळं जोडून झालं की भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस करून ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावावा, व्हॉल्वच्या दांड्यालासुद्धा. बुडबुडा फुगला की गळती आहे. मग बर्नर बंद ठेवून, सिलिंडर उघडून परत बंद करावा आणि दहा मिनिटं गेजकडे बघत बसावं. काटा खाली सरकला तर कुठंतरी गॅस जातोय. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून आहेत. त्यांना मी हात जोडून विनंती करतो, की एवढं तरी करू नका.

आता मुद्दा येतो तो सिलिंडर गारठण्याचा. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून वायू होतो तेव्हा उष्णता ओढून घेतो, ती सिलिंडरच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून येते. शेगडीला गॅस थोडा लागतो, म्हणून आपल्या घरात हे कधी दिसत नाही. भट्टीचा एक बर्नर तासाला अर्धा ते दीड किलो गॅस सहज ओढतो. मग सिलिंडरवर घाम येतो, खालच्या भागात बर्फाचा पांढरा पट्टा दिसतो, दाब पडतो, ज्योत पिवळी, मरगळलेली होते. आणि आपल्या सिलिंडरात निव्वळ प्रोपेन नसतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. हलका प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्युटेन जास्त उरतो. त्यामुळे अर्ध्यावर आलेला सिलिंडर, डिसेंबरची पहाट आणि मोठा बर्नर हे गणित जमत नाही. परदेशातले व्हिडिओ करणारे निव्वळ प्रोपेनवर काम करतात, त्यांच्या सिलिंडरचा व्हॉल्वही वेगळा असतो. त्यांनी सांगितलेले दाबाचे आकडे आणि जोडण्या इथं जशाच्या तशा चालत नाहीत, आणि पोरं नेमकं तेच उतरवून घेतात.

दाब पडला की पोरं काय करतात? कुणी सिलिंडर आडवा पाडतो, कुणी उकळतं पाणी ओततो. एका ठिकाणी तर सिलिंडरखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायची तयारी चाललेली मी थांबवली. आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रव नळीत येतो. एक लिटर द्रवाचा जवळजवळ अडीचशे लिटर वायू होतो. तो बर्नरमधून बाहेर पडताना ज्योत भट्टीत मावत नाही, माणसाच्या अंगावर येते. सिलिंडर नेहमी उभाच पाहिजे. भिंतीला साखळीनं बांधलेला असेल तर उत्तम. बाहेरून आच तर कधीच द्यायची नाही. फार झालं तर नळाच्या साध्या पाण्याच्या टबात उभा करावा, तेवढ्या उष्णतेनं काम भागतं. तेही पुरत नसेल तर सिलिंडर मोठा घ्यावा किंवा दोन सिलिंडर एकत्र जोडावेत.

दोन सिलिंडर जोडणं हे काम मात्र जाणकाराचं आहे. पोरं बाजारातला पितळी टी आणतात, दोन नळ्या जोडतात आणि झालं समजतात. एक सिलिंडर उन्हात, दुसरा सावलीत असेल, किंवा एक नवा भरलेला आणि दुसरा वापरून गारठलेला असेल, तर गरम सिलिंडरमधला गॅस नळीतून गार सिलिंडरात शिरतो आणि तिथं पुन्हा द्रव होऊन बसतो. रात्रभर दोन्ही व्हॉल्व उघडे राहिले तर गार सिलिंडर प्रमाणापेक्षा जास्त भरू शकतो. सिलिंडरात वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, ऊन लागल्यावर द्रव फुगायला. ती जागाच गेली तर उरलं काय? म्हणून गॅस बँकेत प्रत्येक सिलिंडरच्या पिगटेलला, म्हणजे सिलिंडरपासून मुख्य पाइपपर्यंतच्या छोट्या नळीला, नॉनरिटर्न व्हॉल्व असतो, गॅस एकाच दिशेनं जातो. दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे, एकाच जागी, एकाच सावलीत ठेवायचे. एक काढून बदलताना दुसऱ्याचा गॅस मोकळ्या टोकातून बाहेर येत नाही, तोही त्याच व्हॉल्वमुळे. ही जोडणी फिटरकडून करून घ्यावी. मी हे धंदा मिळावा म्हणून लिहीत नाही. या कामासाठी मी पोरांकडून पैसे घेत नाही.

ब्लोअरच्या, म्हणजे विजेच्या पंख्यानं हवा फुंकणाऱ्या भट्टीचं वेगळं सांगायला हवं. ब्लोअर लावला की कमी दाबात मोठी आग मिळते, म्हणून कॉलेजच्या मुलांचा ओढा तिकडे असतो. पण वीज गेली तर? ब्लोअर थांबतो, गॅस येतच राहतो. हवा न मिळालेला गॅस भट्टीत साठतो, ब्लोअरमध्येही मागे शिरतो, आणि आतल्या विटा अजून लाल असतात. वीज गेली की आपोआप बंद होणारा आणि वीज आल्यावर हातानं चालू केल्याशिवाय न उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व गॅसच्या लाइनवर असल्याशिवाय ब्लोअर लावूच नये. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते ते वाचकांना माहीत आहे.

पेटवताना आधी जळता काकडा भट्टीच्या तोंडात धरायचा, मग गॅस उघडायचा, आणि स्वतः बाजूला उभं राहायचं. बंद करताना आधी सिलिंडर, मग नळीतला गॅस जळून ज्योत विझली की बर्नरचा व्हॉल्व.

जागेचंही बघा. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकत खड्ड्यात, मोरीत, गटारात जाऊन बसतो. हवेत दोन टक्के मिसळला तरी पेट घेतो. मंगळवार पेठ, शनिवार पेठेतल्या जुन्या घरांत परसात गटार, आड, तळघर असतंच. तिथं भट्टी लावायची असेल तर सिलिंडर उघड्या हवेत, गटारापासून आणि भट्टीपासून निदान दहा फूट लांब ठेवावा, मध्ये भिंत असली तर आणखी बरं. पंचगंगेच्या पुरात बुडालेले सिलिंडर मी पाहिले आहेत, खालच्या कड्याला गंज धरलेला असतो. असा सिलिंडर परत करावा, वापरू नये. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. सी-२७ म्हणजे पुढची तपासणी २०२७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये. तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवावा.

बाकीचं थोडक्यात सांगतो. बंद खोलीत भट्टी लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. भट्टीच्या तोंडाशी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नका, जस्ताच्या पांढऱ्या धुरानं ताप भरतो. सिरॅमिक वूल उघडं ठेवू नका, वरून रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे आग सोसणाऱ्या लेपाचा थर द्या. कवचासाठी जुना सिलिंडर कापू नका. तो रिकामा वाटतो, पण आत गॅस उरलेला असतो, आणि तो सिलिंडर मुळात कंपनीचा असतो.

आता कायद्याबद्दल. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशानं बंदी आहे. ती योग्यच आहे, त्यामागे सबसिडीचा आणि सुरक्षेचा असे दोन्ही विचार आहेत. भट्टीसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पण भट्टीला तो फार लवकर गारठतो. अडचण अशी, की हौस म्हणून काम करणारं पोरगं १९ किलोच्या कनेक्शनसाठी एजन्सीत गेलं की त्याला दुकानाची कागदपत्रं मागितली जातात. त्याच्याकडे ती नसतात. मग तो घरचाच सिलिंडर वापरतो, आणि तो वापरतोय म्हणून कुणाला दाखवत नाही. आईवडिलांनाही नीट सांगत नाही. माझ्याकडे येणारी पोरंसुद्धा आधी विचारतात, “काका, तक्रार करणार नाही न्हवं?” ज्यानं जोडणी तपासून घ्यायला हवी तोच लपवतोय, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून तीन विनंत्या करतो. गॅस वितरकांनी हौशी कारागिरांसाठी व्यावसायिक सिलिंडरची सोपी वाट काढावी आणि कनेक्शन देताना जोडणी प्रत्यक्ष जाऊन पाहावी. आयटीआयच्या वेल्डिंग विभागानं आणि उद्योजकांच्या संघटनांनी महिन्यातून एखादा रविवार ठेवावा, जिथं कुणीही आपला रेग्युलेटर, नळी, बर्नर घेऊन यावं, कुणी नाव विचारू नये, आणि जाणकारांनी ती तपासून द्यावी. अग्निशमन दलाच्या जवानांनी तिथं डीसीपी, म्हणजे आग विझवायच्या कोरड्या पावडरचा सिलिंडर कसा चालवायचा आणि सांध्याला लागलेली आग कशी हाताळायची ते दाखवावं. व्हॉल्वपर्यंत हात पोचत असेल तर गॅस बंद करून ती विझवायची. पोचत नसेल तर नुसती ज्योत विझवून न जळता गॅस साठू द्यायचा नाही, सगळ्यांना लांब न्यायचं आणि १०१ ला फोन करायचा. नुसता वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, सिलिंडर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरून १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवायचं.

असा रविवार कुणी ठरवला तर मी येईन. मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर जोडायचा पाइप), गेज, योग्य नळीचा आणि अयोग्य नळीचा एकेक नमुना, खराब झालेल्या वॉशरांचा डबा, सगळं माझ्याकडे आहे, ते घेऊन येईन. उद्यमनगरात माझ्यासारखे आणखी फिटर आहेत, त्यांनाही सांगेन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. ज्या पोरांना तोवर थांबवत नाही त्यांनी तो मागून घ्यावा आणि भट्टी पेटवण्याआधी मला बोलवावं.

आपला,
एक जुना गॅसफिटर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर